आम्ही आजारी पडलो तेव्हा

विमानातल्या गमतीजमती लिहा, असं संपादकांनी सांगितलंय. दिवाळी अंकाच्या वाचकाला फराळाबरोबर काहीतरी हलकंफुलकं हवं असतं, हे मला कळतं. तेव्हा एक-दोन गमती मी देते. त्यानंतर जे लिहिणार आहे त्यात गंमत नाही. ते ठेवायचं की कापायचं, हे त्यांचं त्यांनी ठरवावं.

मी गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावची. घरी धानाची शेती, चुलीजवळ पोवारी बोली आणि गावात झाडीबोली. नागपूरला कॉलेजात असताना एका मैत्रिणीला सोबत म्हणून मुलाखतीला गेले. तिची उंची कमी भरली आणि माझी बसली. वजन बसलं, दात बसले, इंग्रजी जेमतेम बसलं. अशा रीतीने मी हवाई सुंदरी झाले. हा शब्द ज्याने काढला त्याने आयुष्यात कधी दुसऱ्याच्या उलटीची पिशवी उचललेली नसणार. आम्ही स्वतःला क्रू म्हणायचो. आमचं खरं काम आग लागली, धूर झाला, कुणाचं हृदय थांबलं तर माणसं वाचवायची, दारं उघडून लोकांना बाहेर काढायचं. चहापाणी हे त्या कामाची वाट बघताना करायचं काम. पण प्रवाशाला चहाच दिसतो, आणि देव करो त्याला दुसरं काम कधी न दिसो.

पहिली गंमत. नागपूरहून सुटलेल्या विमानात गोंदियाचे एक राइस मिलवाले शेठ बसले होते. माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचली, चष्मा वर केला आणि भर विमानात विचारलं, "तू गोरेगावच्या पटलेची पोरगी होय ना? एवढं शिकून इथं चाय देऊन राहिली?" मी हसले. हसणं पगारातच धरलेलं असतं. शेठनी उतरल्यावर ही खबर जिल्हाभर पोचवली, आणि पुढच्या लग्नसराईत एका मांडवात कुणीतरी बाबूजींना ऐकवलं की तुमची पोरगी लोकांचं उष्टं उचलते. बाबूजी पंगतीत बसले होते. त्यांनी भाताचा घास संपवला आणि म्हणाले, "उचलते तं उचलते. तुमच्या घरी सुना कोनाचं उचलतेत?" मांडवात पुन्हा कुणी तो विषय काढला नाही.

दुसरी गंमत सवलतीची. आमच्या नोकरीत फुकट फिरायला मिळतं, असा गावचा ठाम समज होता. तिकीट मिळायचं, आईवडिलांनाही मिळायचं, पण ते तिकीट म्हणजे आशा होती. सगळे पैसेवाले बसल्यावर जागा उरली तर तुम्ही. माय आणि बाबूजी नव्या कपड्यांत, डब्यात अनरसे घेऊन नागपूर विमानतळावर दिवसभर बसले. एक विमान गेलं, दुसरं गेलं. काउंटरवरची मुलगी दर वेळी मान हलवायची. संध्याकाळी दोघं भंडाऱ्याच्या गाडीने परत निघाले. बाबूजींनी फोनवर एवढंच सांगितलं की तुझ्या तिकिटापेक्षा आपली एसटी बरी, ती उभं तरी राहू देते. पुन्हा त्यांनी तिकिटाचं नाव काढलं नाही आणि मीही दिलं नाही.

आता पगाराचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आमचा पक्का पगार फार थोडा असे. खरी कमाई उडण्याच्या तासांची. आणि हा तास सुरू कधी होतो? विमानाची दारं लागून ते जागेवरून हललं की. थांबून चाकाला अडणी लागली की तास बंद. म्हणजे पहाटे उठून, अंबाडा घालून, विमानतळावर येऊन तपासणी द्यायची, विमानातली प्रत्येक सीट, प्रत्येक पट्टा बघायचा, मग माणसं आत घ्यायची. कुणाची पेटी वर बसत नाही, कुणाला खिडकी हवी, कुणाचं लेकरू रडतंय, कुणी दारू पिऊन आलाय. अंगाला घाम फुटतो तो याच वेळेत, आणि ही वेळ हिशोबात नाही. धुक्यात विमान अडकलं, माणसं आत बसवून ठेवली, लोक आमच्या अंगावर ओरडतायत, पाणी मागतायत, पण विमान हललेलं नाही. तेव्हा ते ओरडणं फुकट ऐकायचं. धानाची रोवणी करणारी बाईसुद्धा बांधावर पाऊस थांबायची वाट बघते तेव्हा तिची रोजी तुटत नाही. बाबूजींना मी हे समजावलं तेव्हा त्यांनी विचारलं, ही अट लिहिणारा माणूस कधी कामावर गेलेला आहे का.

तरी आम्ही निभावत होतो, कारण महिन्याला ठरावीक तासांचे पैसे कंपनी हमीने द्यायची, विमान उडो न उडो. मुक्कामाच्या गावी हॉटेलात प्रत्येकीला स्वतंत्र खोली असे. मग कंपनीत नवीन साहेब आले. ते आधी साबणाच्या कारखान्यात होते असं कळलं. त्यांनी हमीचे तास काढून टाकले आणि एका खोलीत दोघी असा हुकूम काढला. वाचणाऱ्याला वाटेल, त्यात काय एवढं, मैत्रिणीच तर आहेत. पण एकीचं विमान पहाटे उतरतं, दुसरीचं पहाटे सुटतं. एक झोपायला आडवी होते तेव्हा दुसरी केस सुकवायचं यंत्र लावते. न झोपलेली बाई सकाळी दोनशे माणसांच्या जिवाचा दरवाजा सांभाळायला उभी राहते. हे आम्ही लिहून दिलं, तोंडी सांगितलं, आमच्या संघटनेनेही सांगितलं. साबणवाल्या साहेबांनी ऐकून घेतलं. ऐकून घेण्याचं त्यांचं वळण फार चांगलं होतं.

तेव्हा मी हैदराबादला होते. एका फ्लॅटमध्ये आम्ही दोघी राहायचो, मी आणि जयवंती. जयवंती चिचगडची, मडावींची. घरी थोडी शेती, उन्हाळ्यात तेंदूपत्ता आणि मोह. देवरीच्या आश्रमशाळेत शिकली, गोंदियात कॉलेज केलं, आणि त्या जंगलपट्टीतून या नोकरीत आलेली ती मला माहीत असलेली पहिली मुलगी. कंपनीने तिच्या पट्टीवर नुसतं 'जया' लिहिलं होतं, बाहेरच्या प्रवाशांना सोपं जावं म्हणून. तिच्या पगारावर दोन धाकट्या बहिणींची शिक्षणं चालली होती. ती अजून प्रोबेशनवर होती, म्हणजे वर्षभराची कच्ची नोकरी. त्या वर्षात वारंवार आजारी पडलं तर कच्चेपण लांबतं, नाहीतर सरळ घरी पाठवतात. आमच्या जिल्ह्याची म्हणून मी तिला जवळ ठेवून घेतली. माझ्या स्वभावाप्रमाणे तिच्यावर करडी नजरही ठेवली.

आमच्या कामात चेहऱ्याची तपासणी असते. लिपस्टिकचा रंग ठरलेला, नखांचा ठरलेला, अंबाड्यातून एक केस बाहेर दिसता कामा नये. अंगावर पट्टी, कापूस, मलम काही दिसलं तर विमानातून उतरवतात. कंपनीच्या माणसासमोर तर कधीच विस्कटलेलं जायचं नाही. जयवंती हे इतक्या लवकर शिकली की मलाच नवल वाटायचं. घरात भाजी चिरत असली आणि कार्यालयातून व्हिडिओ कॉल आला तरी आधी लिपस्टिक लावून मग फोन उचलायची. मी तिला चिडवायची की तू झोपेतसुद्धा नमस्कार करशील. ती म्हणायची, "नोकरी पक्की होईपर्यंत करतो ताई, मग नाई करत."

शेवटी संघटनेत ठरलं की हत्यार उपसायचं. सरळ संप करायचा तर आधी नोटीस द्यावी लागते, आणि नोटीस दिली की कंपनी कोर्टात धावते. म्हणून जगभरचे विमानवाले एक जुना उपाय करतात, तो करायचं ठरलं. एकाच सकाळी सगळ्यांनी आजारी पडायचं. विमानात ठरलेल्या संख्येने क्रू नसेल तर पायलट कितीही शूर असला तरी विमान जागचं हलत नाही. आमच्या विमानाला चौघी लागायच्या. तिघी आल्या तरी काम अडतं. चहा देणाऱ्यांची किंमत त्या एका सकाळी कळली असती.

जयवंतीला मी बजावलं की तू यात नाहीस. कच्ची नोकरी आहे, पहिला घाव तुझ्यावर बसेल. संघटनेच्या माणसालाही मी फोन करून सांगितलं की तिचं नाव कुठे घेऊ नका. तिला वाईट वाटलं. सगळ्या एका बाजूला आणि मी एकटी विमानात, लोक मला काय म्हणतील, असं तिचं चाललं होतं. मी म्हटलं, लोक तुझ्या बहिणींची फी भरत नाहीत.

पण त्या आठवड्यात तिला सर्दी झालेली होती. जमिनीवर सर्दी म्हणजे नाक पुसायचं काम. विमानात सर्दी म्हणजे वेगळा प्रकार. विमान खाली उतरायला लागलं की हवेचा दाब बदलतो, नाक चोंदलेलं असेल तर कान मोकळा होत नाही, आणि आतून कुणी सळई फिरवावी तसा दुखतो. सर्दी असताना उडू नये असा नियम आहे आणि तो नियम पाळला तर तासांचे पैसे जातात. म्हणून सगळ्या जणी नाकात थेंब टाकून उडतात. जयवंतीही उडत होती. उतरताना तोंडावर हात धरून उभी राहायची आणि दार उघडलं की हसून नमस्कार करायची.

ठरलेल्या सकाळी मी ऑफिसला कळवलं, पोट बिघडलंय. तिच्या खोलीत गेले तर ती उशीकडे बघत बसली होती. उशीवर डाग होता, पिवळा आणि लालसर. डाव्या कानातून येत होतं. अंगात तापही होता.

"ताई, कानात भोंगा वाजून राहिला," ती म्हणाली. "पन मी जातो. आज नाई गेली तं कंपनीवाले मले तुमच्यातलीच म्हनतील."

मी म्हटलं, "म्हनू दे. कान का बाजारात भेटते?"

ती रडायला लागली, पण घरी थांबली. तिने खरं कारण सांगून कळवलं, कान दुखतोय, स्राव येतोय. त्या सकाळी ऑफिसात जितके आजार पोचले त्यात हा एकच आजार खरा होता. मी तिच्या कानात कापूस घातला, तापाची गोळी दिली आणि दुपारी कानाच्या डॉक्टरकडे नेते म्हणून झोपवलं.

विमानं खरंच अडली. टीव्हीवर पेट्यांवर बसलेले लोक दिसायला लागले, आम्हाला शिव्या देणारे. मी स्वयंपाकघरात चहा करता करता ते बघत होते आणि मनातून खूश होते. त्या आनंदात बेल वाजली. फोनही वाजला. खालच्या वॉचमनने सांगितलं की कंपनीचे एक साहेब आणि डॉक्टर तपासायला वर आलेत.

मी पळत जाऊन अंथरुणात शिरले. इथे मला माझ्या गावाने वाचवलं. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि झाडीपट्टीची नाटकं होतात. लहानपणापासून मी त्यात किती नायिका अंथरुणाला खिळून मरताना पाहिल्या असतील त्याला गणती नाही. मी जुना गाऊन घातलेलाच होता. कपाळाला बाम फासला, डोक्याला टॉवेल गुंडाळला, केस तोंडावर ओढले आणि गुडघे पोटाशी घेतले. दार उघडायला जाऊ नकोस, असं जयवंतीला ओरडून सांगितलं. पण तिचा एक कान बंद होता आणि दुसऱ्या कानाला बेल ऐकू आलेली होती.

मला तिची चाहूल ऐकू येत होती. बाथरूमचा नळ, डबीचा खटका, पिनांचा आवाज. मग दार उघडलं आणि विमानात येतो तो आवाज आला, "नमस्कार सर, आइए."

ते दोघं आत आले तेव्हा माझ्या खोलीच्या उघड्या दारातून दिसलं, जयवंती त्यांच्यासमोर हात जोडून उभी होती. कडक अंबाडा, ठरलेल्या रंगाची लिपस्टिक, गालावर पावडर. कानातला कापूस तिने काढून टाकला होता. कापूस नियमात बसत नाही ना. तिने त्यांना बसायला सांगितलं आणि ट्रेमधून पाणी आणलं. डॉक्टरने तिचा ताप बघितला, तो गोळीने उतरलेला होता. मी माझ्या खोलीतून कण्हत कण्हत हिंदीत सांगितलं की तिचा कान बघा, आत बघा. डॉक्टरकडे कान बघायचं यंत्र नव्हतं. त्याने मोबाईलचा उजेड पाडून वरून बघितलं. मग साहेब म्हणाले, रेकॉर्डसाठी एक फोटो घेतो. मोबाईल वर झाला आणि जयवंती हसली. आम्हाला तसं शिकवलेलं असतं. हनुवटी जराशी खाली, वरचे दात दिसले पाहिजेत, डोळेही हसले पाहिजेत.

मग ते माझ्या खोलीत आले. डॉक्टरने माझी नाडी धरली, माझ्याकडे फार कळवळ्याने बघितलं आणि ओआरएस प्या म्हणाला. माझाही फोटो काढला. त्यात मी उद्यापर्यंत टिकेन असं वाटत नाही.

ते गेल्यावर मी तिला विचारलं की काऊन उठलीस, काऊन लिपस्टिक लावली. ती म्हणाली, कंपनीचे साहेब होते ना ताई. दुपारी कानाच्या डॉक्टरने सांगितलं की पडदा फाटलाय. त्याने कागद दिला, औषधं दिली, आणि महिनोन्‌महिने विमानात पाय ठेवू नका म्हणाला. संध्याकाळच्या आत कंपनीची ईमेल आली. खोटं आजारपण सांगितल्याबद्दल तिची नोकरी संपली होती. आम्हा पक्क्यांना खुलासे मागणाऱ्या ईमेल आल्या.

पुढचे काही दिवस विमानं अडलेलीच राहिली, तेव्हा कंपनी वाकली. कामगार खात्याच्या अधिकाऱ्यासमोर बोलणी झाली आणि समझोता झाला. स्वतंत्र खोली परत मिळाली. हमीचे तास परत मिळाले. माणसं आत घेण्याच्या वेळेचेही थोडे पैसे मिळणार असं ठरलं, जे आधी कुणाला स्वप्नात दिसलं नव्हतं. कुणावरही कारवाई नाही. त्यासाठी कागदावर असं धरून चालायचं ठरलं की संघटनेने ज्यांची नावं दिली ते सगळे त्या दिवशी खरोखर आजारी होते. आम्ही हॉलबाहेर पेढे वाटले. मीही वाटले. मला वाटलं, आता जयवंतीचं नाव सांगायचं आणि ती परत येईल.

मी संघटनेच्या पुढाऱ्याकडे गेले. तो आमच्यातलाच, जुना, चांगला माणूस. त्याने सगळं ऐकलं आणि हिंदीत म्हणाला, "मॅडम, वो तो हमारे साथ थी ही नहीं. आपने ही बोला था, नाम मत लो. अब एक नाम जोड़ने जाऊँ तो पूरा समझौता खुल जाएगा." मी भांडले, वाट्टेल ते बोलले. त्याने हात जोडले. शेकडो लोकांच्या पोटाचा प्रश्न होता, एकीसाठी ते धोक्यात घालणं त्याला जमत नव्हतं. त्याच्या जागी मी असते तर काय केलं असतं, हा प्रश्न मी स्वतःला विचारून बघितला आहे. उत्तर मला आवडलेलं नाही.

मग मी कंपनीत गेले. ज्या साहेबांनी फोटो काढले होते तेच समोर बसले होते. कानाच्या डॉक्टरचा कागद मी पुढे केला. ते म्हणाले की त्या दिवशी शहरातल्या सगळ्या डॉक्टरांनी असे कागद वाटले, कशाकशावर विश्वास ठेवायचा. मग त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. एका बाजूला माझा फोटो, एका बाजूला जयवंतीचा. यातली आजारी कोण दिसते ते तुम्हीच सांगा, म्हणाले.

मी म्हटलं, "सर, मला त्या दिवशी काहीही झालं नव्हतं. मी ठणठणीत होते. मी नाटक केलं. ही आजारी होती."

वाटलं, आता मला काढतील. काढू देत, पण हिचं काम होईल. त्या खुर्चीत बसताना मी हे मनाशी पक्कं केलं होतं. साहेबांनी लॅपटॉप बंद केला आणि अगदी मायेने म्हणाले, "मॅडम, आप बीमार थीं. समझौते में लिखा है." मी पुन्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. मी खोटं बोलले होते हे कबूल करायला मला कंपनीने परवानगी दिली नाही.

जयवंती चिचगडला गेली. तिला स्टेशनवर सोडायला मी गेले तेव्हा ती माझ्या डाव्या हाताला चालत होती, म्हणजे तिचा उजवा कान माझ्याकडे राहावा म्हणून. नोकरी सोडायला हवी होती, असं काही वाचकांना वाटेल. दर महिन्या-दोन महिन्यांनी मलाही वाटतं. पण मी सोडली नाही. पुढची कितीतरी वर्षं मी जिंकलेल्या खोल्यांमध्ये एकटी झोपले आणि जिंकलेल्या तासांचा पगार घेतला. शांत खोलीत चांगली झोप लागते असं आम्ही मागणीत लिहिलं होतं. ते काही माझ्या बाबतीत खरं ठरलं नाही.

वयाची अट आली, नोकरी संपली, मी गोरेगावला परतले. नंतर गोंदियात एका गृहस्थांनी विमान कंपन्यांमध्ये नोकरी लावून देतो अशा जाहिरातीची ॲकॅडमी काढली आणि मला शिकवायला बोलावलं. आठवड्यातून दोनदा मी तिथे जाते. चालावं कसं, बसावं कसं, केस कसे बांधावे, रागावलेल्या माणसाशी कसं बोलावं. मुली तिरोड्याच्या, आमगावच्या, देवरीच्या. सुंदर मुली आहेत, धीट आहेत. त्यांच्या बापांनी काय विकून ही फी भरली ते मी विचारत नाही. पगाराचा तास कधी सुरू होतो हे मात्र पहिल्याच दिवशी सांगते. ॲकॅडमीच्या गृहस्थांना ते आवडत नाही.

यंदाच्या नव्या तुकडीत मडावी आडनाव ऐकलं आणि मी मान वर केली. जयवंतीची धाकटी बहीण होती, काजल. तेच कपाळ, तीच उभं राहायची ढब. वर्ग सुटल्यावर खाली गेले तर जयवंती बहिणीला न्यायला आलेली. चिचगडला तिचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याचं दुकान आहे, नवरा शेती बघतो, एक मुलगा आहे. हे सगळं तिने हसत सांगितलं. बाकावर बसताना ती माझ्या डाव्या हाताला बसली.

मी तिला म्हटलं की हिला कायले पाठवून राहिलीस या धंद्यात, तुला माहीत नाही का सगळं. ती म्हणाली, पोरीचं मन आहे. आणि ताई, मी ढग पाहिले नाहीत म्हणून तिने पाहावे असं थोडी आहे, मी तं पाहिलेच. पण तिले वाटते ना. मी विचारलं की काही राग आहे का माझ्यावर. तिने नाही अशी मान हलवली आणि रस्त्यापलीकडे मैत्रिणींशी बोलत उभ्या असलेल्या बहिणीकडे बघत राहिली. काजल कुणाच्या तरी बोलण्यावर हसत होती.

"हासनं तिले येते ताई, ते कोनालेही येते," जयवंती म्हणाली. "तुमी तिले आजारी दिसनं शिकवा."